'लग्नाआधी वकील कशाला?' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार 'एक नाशिककर',

विवाहपूर्व करार, म्हणजे कुणाची मालमत्ता काय आणि कर्ज किती हे लग्नाआधी दोघांनी लिहून ठेवायचा कागद, करायचा तर वकील गाठा, असं मी लिहिलं आणि तुम्ही चांगलंच फैलावर घेतलंत. तुमचं म्हणणं असं: वकील घरात आला की संसार मांडायच्या आधीच मोडायची तयारी सुरू होते, असला करार आपल्याकडे कोर्टात टिकत नाही, आणि करायचाच तर नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टाबाहेर पाचशेचा स्टॅम्प घ्यावा, नेटवरचा नमुना टाइप करावा, नोटरीचा शिक्का मारून मोकळं व्हावं.

पहिल्या मुद्द्यावर फार वाद घालत नाही. आपल्याकडे याद्या होतातच की. मानपान कुणाचा, कार्यालयाचा खर्च कुणाकडे, हे कागदावर उतरवून, हळदकुंकू लावून दोन्हीकडची वडीलधारी मंडळी सह्या करतात. तेव्हा कुणाला अपशकुन वाटत नाही. कर्जाचा विषय निघाला की मात्र वाटतो!

दुसरा आक्षेप अर्धा खरा आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अशा कराराची तरतूद नाही, आणि १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ नुसार सार्वजनिक धोरणाविरुद्धचा, म्हणजे समाजाच्या हिताला बाधक, करार रद्दबातल ठरतो. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे लग्नाआधी मालमत्तेचा करार करता येतो, पण आपण गोव्यात नाही. म्हणूनच वकील हवा. काय लिहायचं यापेक्षा काय गाळायचं, हे तो सांगतो.

ओळखीतलं एक जोडपं. मुलाची दिंडोरीकडे द्राक्षबाग, सातबाऱ्यावर वडील आणि चुलते, बागेवर सोसायटीचं कर्ज. मुलीने गंगापूर रोडला फ्लॅट घेतलेला, हप्ते तिच्या पगारातून. दोघं नेटवरचाच नमुना भरून घेऊन गेली. वकीलबाईंनी लाल पेनाने आधी एक ओळ खोडली: 'पत्नी भविष्यात पोटगी मागणार नाही.' पोटगीचा हक्क असा लिहून देऊन सोडता येत नाही. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. मग 'बागेतला निम्मा हिस्सा पत्नीचा' ही ओळ गेली. चुलत्यांची जमीन पुतण्या कसा लिहून देणार?

उरलं ते कामाचं होतं. त्या तारखेला कुणाच्या नावावर काय आहे आणि कुणावर किती देणं आहे. बागेच्या कर्जाला ती जामीन राहणार नाही. फ्लॅटच्या हप्त्यात त्याने पैसे घातले तर ते बँकेतूनच, आणि त्यांचा हिशेब कसा धरायचा. शिवाय दागिन्यांची वजनासकट यादी. लग्नातल्या भेटींची लेखी, सह्या असलेली यादी ठेवा, असं हुंडाबंदी कायद्याखालचे १९८५ चे नियमच सांगतात. किती घरांत ती असते, तुम्हीच बघा. कोर्ट हा कागद करार म्हणून पुरता मानो न मानो, तेव्हा कुणाचं काय होतं याचा पुरावा म्हणून तो उपयोगी पडू शकतो.

राहिली नोटरी. नोटरी सही कुणाची ते बघतो, मजकूर टिकेल की नाही हे बघणं त्याचं काम नाही. स्टॅम्पपेपर आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापला जातो, म्हणून त्यावर टाइप केलेलं सगळं कायदेशीर होत नाही.

आणि हो, दोघांचे वकील वेगळे हवेत. एकाच वकिलाकडे, तेही हळदीच्या आदल्या दिवशी सही झाली, तर 'माझ्यावर दबाव होता' असं पुढे म्हणायला आयती जागा मिळते.

फी किती, हे तुम्ही चिडून विचारलंत, पण प्रश्न रास्त आहे. आकडा वकिलागणिक बदलतो. फी नुसत्या मसुद्याची की दोन्हीकडच्या बैठका आणि दुरुस्त्या धरून, हे आधीच विचारा. कुटुंब न्यायालयातली कामं करणाराच वकील बघा. जाताना ताजा सातबारा आणि कर्जाचा उतारा न्या, नाहीतर पहिली फेरी फुकट जाईल.