‘नुसते लिहिले म्हणून जन्मठेप’: कांगुराच्या संपादकाविषयीचा अर्धवट दावा

रवांडातील ‘कांगुरा’ या नियतकालिकाचा संपादक हसन न्गेझे याच्याविषयी एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याने टीका केली ती फक्त सशस्त्र बंडखोरांवर, हुतू कट्टरपंथीयांनी अल्पसंख्य तुत्सींचे जे हत्याकांड १९९४ मध्ये केले, त्यापूर्वीच त्याचा अंक बंद पडला होता, काही तुत्सींना तर त्याने वाचवलेही, आणि तरीही केवळ लेखनासाठी त्याला जन्मठेप झाली, असे त्यात म्हटले आहे.

शिक्षेचा मुद्दा लवकर संपतो. रवांडातील गुन्ह्यांसाठी टांझानियातील अरुशा येथे नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने डिसेंबर २००३ मध्ये जन्मठेप दिली हे खरे. पण नोव्हेंबर २००७ मध्ये अपिलात ती ३५ वर्षांवर आली, हे मजकुरात गाळले आहे. शिवाय गिसेनी भागातील हत्यांना साहाय्य केल्याचा दोष अपिलातही कायम राहिला, आणि तो लेखनाचा गुन्हा नव्हे.

बंडखोरांविषयीचा दावा अधिक फसवा आहे, कारण ‘इन्येन्झी’, म्हणजे झुरळ, हा शब्द १९६० च्या दशकात तुत्सी बंडखोरांना उद्देशून खरोखरच वापरला जाई. परंतु झुरळापोटी फुलपाखरू जन्मत नाही, असे १९९३ मध्ये कांगुराने छापले, तेव्हा आरोप कृत्यावरून जन्मावर सरकला होता. डिसेंबर १९९० च्या अंकातील हुतूंसाठीच्या ‘दहा आज्ञां’पैकी पहिलीच, तुत्सी स्त्रीशी लग्न करणाऱ्या हुतू पुरुषाला गद्दार ठरवते, आठवी तुत्सींवर दया करणे थांबवा असे बजावते. यात बंडखोर कुठे आहेत? पुढे १९९१ च्या एका मुखपृष्ठावर, इन्येन्झींना कायमचे संपवण्यासाठी कोणते शस्त्र वापरायचे, या प्रश्नाशेजारी चक्क कोयत्याचे चित्र होते.

अंक बंद पडल्याच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. १९९४ मधील, म्हणजे हत्याकांड सुरू होण्याआधीच्या, अंकांमुळे प्रत्यक्ष हत्यांना लक्षणीय हातभार लागला हे सिद्ध झाले नाही, असे अपील न्यायपीठाने म्हटले आणि तेवढा दोष काढून टाकला. तरीही नरसंहारास थेट व जाहीर चिथावणी दिल्याचा दोष त्याच अंकांच्या आधारे कायम ठेवला. १९४८ च्या नरसंहारविरोधी करारानुसार अशी चिथावणी हा स्वतंत्र गुन्हा असून, ऐकणाऱ्याने पुढे काय केले यावर तो अवलंबून नसतो. आधीच्या वर्षांतील लेखन, कितीही विखारी असले तरी, शिक्षेचे कारण होऊ शकत नव्हते, कारण न्यायाधिकरणाची कक्षा १ जानेवारी १९९४ पासूनच सुरू होत होती. इतक्या काटेकोर निकालाला लेखनस्वातंत्र्याची गळचेपी म्हणणाऱ्याने तो वाचला असेल, असे वाटत नाही.

राहिला तुत्सींना वाचवण्याचा मुद्दा. काही तुत्सींना त्याने सीमेपलीकडे पोहोचवले, याची नोंद २००३ च्या निकालातच आहे. त्याच्या वाचवण्याच्या ताकदीपेक्षा मारण्याची ताकद मोठी ठरली, हे वाक्यही तिथेच, त्या नोंदीला लागूनच आहे.