ऐरोलीच्या खाडीत अलास्का

अमेरिकेने १८६७ साली रशियाकडून अलास्का विकत घेतलं, बहात्तर लाख डॉलर मोजून. तेव्हा तिथल्याच काही मंडळींनी या खरेदीची टिंगल केली होती. ती टिंगल सरकारने जरा मनाला लावून घेतली असती आणि व्यवहार मोडला असता, तर परवाचा माझा रविवार नासला नसता.

तयारीचं पुराण सांगत नाही. मे महिना, लेकीला सुट्टी, सासूबाई आलेल्या, आणि ऐरोलीहून ठाणे खाडीत फ्लेमिंगो दाखवायला बोट जाते. ती भरतीच्या वेळेवर सुटते आणि भरतीला रविवार कळत नाही, म्हणून झोपमोड. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, अंगावर दुसऱ्याच्या घामाचा वास येणारं लाईफ जॅकेट. झालं, बसलो बोटीत. आणि शेजारी येऊन बसले काका.

काका मुलुंडचे. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, टोपीवर अस्वल. काकू मात्र दोन बाकं पुढे जाऊन बसल्या होत्या. जागा शेजारी रिकामी असताना. का, ते पाचच मिनिटांत कळलं.

"पहिल्यांदाच का?" काकांनी विचारलं.

"हो."

"असू दे, असू दे. आम्ही गेल्या वर्षी अलास्काला ग्लेशियर क्रूझ केली. चिरंजीव सिअ‍ॅटलला असतात ना. त्यानंतर हे म्हणजे..." एवढं बोलून त्यांनी खाडीकडे असं काही पाहिलं की खाडीलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हावं.

पुढे एकेका पक्ष्याला अलास्कातून उत्तर येऊ लागलं. बोटीवरच्या पोराने चिखलात लाल काटकुळ्या पायांचा शेकाट्या दाखवला, काका म्हणाले, "पफिन बघितलाय का कधी?" घार दिसली. "आमच्याकडे बाल्ड ईगल. डोकं पांढरंशुभ्र." आमच्याकडे! मुलुंड पश्चिमेला! खाडीत काहीच दिसेनासं झालं तेव्हाही सुटका नव्हती. "आमच्याकडे सी ऑटर पाण्यात उताणे पडून पोटावर ठेवून खातात." यावर सासूबाई म्हणाल्या, "आमचे हे पण तसंच खायचे," आणि डोळ्याला पदर लावला. आता बोला.

पोरगा बिचारा मन लावून सांगत होता, फ्लेमिंगो चोच उलटी करून पाणी गाळतो, शेवाळातल्या रंगद्रव्यांमुळे गुलाबी होतो. तेवढ्यात काकांनी त्यालाच तोंडी परीक्षेला बसवलं. "ग्लेशियरचा बर्फ निळा का दिसतो, सांग बरं?" तो गप्प. "वर्षानुवर्षं दाबून दाबून त्यातली हवा निघून जाते. मग तो तांबडा उजेड शोषून घेतो, निळा तेवढा बाहेर येतो." ही माहिती बरोबर आहे, हे माझं खरं दुखणं. माणूस थापा मारत असता तर सोपं गेलं असतं.

"मग सरबतातला बर्फ निळा का नसतो, आजोबा?" लेकीने विचारलं.

"तो एवढा जाड नसतो, बाळा."

संपलं. लेक पक्ष बदलून त्यांच्या बाकावर गेली.

मध्येच तिवरांच्या मुळांत अडकलेल्या पिशव्या दिसल्या. दुधाच्या, गुटख्याच्या, एक निर्माल्याची गाठ मारलेली. ही खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, आणि पिशव्या जागच्या जागी. "अलास्कात असं दिसायचं नाही हो," काका म्हणाले. अहो, अख्ख्या अलास्कात माणसं सव्वासात लाखांच्या आसपास! तेवढी तर सकाळच्या कल्याण लोकलमध्ये माझ्या पायावर उभी असतात. २०२४च्या मे महिन्यात घाटकोपरला विमानाची धडक बसून जवळजवळ चाळीस फ्लेमिंगो मेले, ते मला लेकीला सांगायचं होतं. मुंबईत पक्ष्यांनासुद्धा ट्रॅफिक चुकत नाही, हे तिला कळायला हवं. पण ती ऑर्का मासा आहे की नाही या चर्चेत होती. (नाही. डॉल्फिनच्या कुळातला. तेही बरोबर.)

आणि मग थवा आला. म्हणजे आला असावा. पोराने इंजिन बंद केलं, बोट शांत झाली, आणि नेमका त्याच मुहूर्तावर काकांनी माझ्या नाकासमोर मोबाईल धरला.

"हे बघा. केनाई फ्योर्ड्स. सुअर्डहून बोट जाते. कडा कोसळतो, थेट समुद्रात."

पडद्यावर पिवळ्या रेनकोटातली काकूंची पाठ. मग कुणाचं तरी कोपर. मग पांढरी भिंत, हलणारी.

"काका, पक्षी..."

"पक्षी कुठे पळतायत! थांबा, आता पडेल. बोट लांब उभी करतात, त्यामुळे पडताना आधी दिसतो, आवाज मागाहून येतो."

बोटीतून "आईशप्पथ!" असा सामुदायिक उद्गार निघाला. डोक्यावरून सळसळ गेली. मी मान वर करणार, तोच काकांनी माझं मनगट पकडलं. निवृत्त माणसाच्या हातात एवढी ताकद कुठून येते? "आता! आता! हा बघा!"

पडला. खडीसाखरेच्या खड्याएवढा. त्यामागून आवाज आला, तो काकांचाच, "पडला, पडला, अगं बघ!" असा.

मी वर पाहिलं तेव्हा विजेच्या मनोऱ्यांपलीकडे एक फिकट गुलाबी रेघ चिखलात उतरत होती. पुन्हा जवळ जाऊ या का, असं विचारलं, तर पोरगा म्हणाला, "पाणी उतरायला लागलंय साहेब, बोट रुतेल." दोन बाकं पुढून काकूंनी एकदाच वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सहानुभूती नव्हती. मोकळं झाल्याचा आनंद होता.

बायकोने मात्र नेमक्या क्षणी फोटो काढला. अप्रतिम आलाय. आभाळभर फ्लेमिंगो, पंखांखालचा लाल-काळा रंग स्वच्छ, लेक दोन्ही हात वर करून नाचतेय, सासूबाईंचा आ वासलेला. आणि मधोमध मी, मान खाली घालून मोबाईलमध्ये. काका फोटोत नाहीत. त्यांचा अंगठा तेवढा आलाय, तो माझाच वाटतो.

फोटो सासरच्या ग्रुपवर गेला. मामेसासऱ्यांचं लगेच उत्तर आलं: "जावईबापू, तिथे तरी मोबाईल ठेवायचा होता खाली." त्याखाली सतरा अंगठे. त्यातला एक बायकोचा.