आधी रस्ता आणि पाणी, मग स्वस्त घरांच्या गप्पा

पुण्यात घर परवडावं म्हणून सरकारने काय करावं, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: स्टँप ड्युटी कमी करा. झाली तर मलाही हवीच आहे. ६० लाखांचा टू बीएचके (कुठे, ते विचारू नका) घ्यायचा तर ७ टक्क्यांनी ४ लाख २० हजार स्टँप ड्युटी, ३० हजार नोंदणी, बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटीचे आणखी ३ लाख. बँक ८० टक्क्यांच्या वर जात नाही आणि स्टँप ड्युटी-नोंदणी कर्जात धरत नाही. पहिला हप्ता सुरू व्हायच्या आधी निदान १७ लाख हातात हवेत. जीएसटी एकच टक्का लागतो तो ४५ लाखांपर्यंतच्या घराला, आणि ती मर्यादा ठरली २०१९मध्ये.

पण सप्टेंबर ते डिसेंबर २०२०मध्ये ३ टक्के सूट दिली होती, आठवतंय? नोंदणी कार्यालयांत झुंबड उडाली. ज्यांचं घर घ्यायचं ठरलेलंच होतं त्यांचे पैसे वाचले, छान झालं. पुढे सूट गेली आणि भाव चढतच राहिले. चढणारच. सवलतीमुळे गिऱ्हाइकं वाढली, बांधण्याजोगी जमीन एक गुंठाही वाढली नाही.

जमीन काय, हिंजवडीजवळच्या माणपासून लोणी काळभोरपर्यंत पसरलेली आहे. पण जिथे रुंद रस्ता पोहोचलाय, पाण्याची लाइन आहे, ड्रेनेज आहे, अशी जमीन मोजकीच; ती ज्याच्या ताब्यात, त्याचा भाव. बाकीच्या ठिकाणी टॉवर आधी उभे राहतात. महापालिकेचं पाणी येईपर्यंत आम्ही पुरवू, असं बिल्डर लिहून देतो, सोसायटी ताब्यात आली की टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये. ‘स्वस्त’ फ्लॅटचा हा हप्ता कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतो.

ज्यांना तेही झेपत नाही ते गुंठ्याकडे वळतात. चाकणच्या कंपनीत असलेल्या माझ्या मावसभावाने तेच केलं. अकरा जणांनी मिळून अकरा गुंठ्यांचं सामाईक खरेदीखत केलं, कारण तुकडेबंदीमुळे (ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकायला मनाई) एकट्याच्या नावावर एक गुंठा होत नव्हता. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं एकत्र, त्यामुळे होमलोन नाही. घर बांधलं ते पतपेढीच्या कर्जावर आणि वहिनीच्या दागिन्यांवर. अशांना ‘अनधिकृत’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी त्याच्या पगारात बसणारं अधिकृत घर कुठे आहे ते दाखवावं.

यावर उपाय जुनाच आहे, आणि आपल्याच घरचा. १९१५च्या मुंबई नगररचना कायद्यात टीपी (टाउन प्लॅनिंग) स्कीम आली. पुण्यात भांबुर्डा (आजचं शिवाजीनगर) आणि संगमवाडी तशाच आखल्या गेल्या. शिवाजीनगरच्या कागदपत्रांवर आजही ‘फायनल प्लॉट’ नंबर असतो. शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते, बागा, शाळांसाठी वाटा काढायचा आणि उरलेली जमीन चौकोनी, रस्त्याला लागून, ज्याची त्याला परत करायची. क्षेत्र घटतं, किंमत वाढते, गाव सोडावं लागत नाही. ही पद्धत गुजरातलाही वारशात मिळाली आणि त्यांनी ती वापरात ठेवली. अहमदाबादच्या रिंगरोडसाठी जमीन अशाच स्कीममधून निघाली. शिवाय त्यांच्या कायद्यात दुर्बल घटकांच्या घरांसाठी १० टक्क्यांपर्यंत जमीन काढता येते. आपल्याकडे १९६६च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायद्यात टीपी स्कीमची तरतूद शाबूत असून आपण बसलो लोकांच्या जमिनींवर रस्त्या-शाळांची आरक्षणं टाकत. मग भूसंपादनाला पैसे नाहीत, मग टीडीआर (पैशांऐवजी दुसरीकडे जादा बांधकामाचा हक्क), मग कोर्ट.

अलीकडे पुन्हा सुरुवात झाली, नाही असं नाही. म्हाळुंगे-माणची स्कीम निघाली ती रेंगाळली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७मध्ये महापालिकेत घेतली, तिथे स्कीम आखल्या, आणि २०२४मध्ये गावंच बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली! २०२१मध्ये आणखी २३ गावं आली. त्यांचा पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) केलेला प्रारूप विकास आराखडा २०२५मध्ये रद्द. मधल्या काळात बांधकामं थोडीच थांबली? उद्या तिथे रस्ता आखायचा तर आधी कुणाची तरी इमारत आडवी येणार.

कुणी म्हणेल, टीपी स्कीमने जमीन मिळेल, पण बिल्डर भाव कमी कशाला करेल? चांगुलपणाने करणारच नाही. रस्त्यालगतचे प्लॉट शेकडो मालकांच्या हातात गेले की मात्र त्याला शेजारच्याशी स्पर्धा करावी लागते. तरी खालच्या उत्पन्न गटापर्यंत बाजार पोहोचत नाही, तिथे सक्तीच हवी. ती कागदावर आहेसुद्धा: ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर २० टक्के घरं छोटी, म्हाडाच्या सोडतीतून द्यायची. त्यातून सुटायला भूखंडाचे तुकडे पाडतात, अशी कुजबुज ऐकू येते. प्रत्येक प्रकल्पातली अशी घरं किती, कुणाला लागली, कधी ताबा दिला, हे महापालिकेने प्रभागवार वेबसाइटवर टाकावं. एवढ्याला कुठला नवा कायदा लागत नाही.

तुमच्या ओळखीत कुणाला या २० टक्क्यांतलं घर लागलं असेल तर कॉमेंटमध्ये जरूर लिहा: ताबा वेळेवर मिळाला का, मेंटेनन्स किती, आणि पाणी नळाचं की टँकरचं?