‘मेडिकलवाले हे कधीच सांगणार नाहीत’: बरं, मी सांगतो

गेल्या आठवड्यात भावकीच्या ग्रुपवर आबांनी एक मेसेज टाकला. मथळा असा: ‘अ‍ॅसिडिटी सात दिवसांत मुळासकट गायब. मेडिकलवाले हे कधीच सांगणार नाहीत.’ आतला मजकूर थोडक्यात सांगतो. सकाळी उपाशीपोटी लिंबूपाणी घ्या, पोटात गेलं की त्याचं अल्कली होतं. जळजळ झाली की चमचाभर खायचा सोडा नाहीतर थंड दूध घ्या. मिरची कायमची सोडा, अल्सर तिच्यानंच होतो. पित्ताच्या गोळ्या आजच फेका, किडनी जाते. आणि छातीत दुखलं तर घाबरू नका, तो गॅस असतो, ओवा चावा. दोन दिवसांत तोच मेसेज मला आणखी चार ठिकाणांहून आला.

मी मेडिकलवाला. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एकोणीस वर्षं काउंटरमागं उभा आहे आणि पित्ताच्या गोळ्यांवर माझं घर बऱ्यापैकी चालतं. तेवढं वजा करून पुढचं वाचा.

मुळात ‘पित्त’ या शब्दातच गोची आहे. सकाळी दुकान उघडलं की ‘पित्ताची गोळी द्या’ म्हणत चार जण येतात. एकाच्या छातीत आग पडलेली असते. दुसरीचं डोकं एका बाजूनं ठणकत असतं, उजेड सोसत नाही, उलटी झाली की बरं वाटतं. तिसऱ्याच्या अंगावर गांध्या उठलेल्या. चौथा रात्री पिठलं चापून आलेला, पोट नगाऱ्यासारखं. यांतला जठरातल्या आम्लाशी संबंध बहुतेकदा फक्त पहिल्याचा. दुसरीची बहुधा अर्धशिशी असते. उलटी हा तिचाच भाग, पण उलटीतून पिवळं कडू पडलं की आपण निदान करून मोकळे. तिसऱ्याची अ‍ॅलर्जी. चौथ्याला त्रास देणारा गॅस मोठ्या आतड्यात तयार होतो, कारण हरभऱ्यातल्या काही शर्करा आपल्याला पचत नाहीत आणि तिथले जिवाणू त्यांवर ताव मारतात. आता सात दिवसांचा हा इलाज या चौघांपैकी कुणाचा?

लिंबाचं लवकर उरकतो. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप: आकडा सातच्या जितका खाली तितकं आंबट, सातच्या वर गेला की अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट. लिंबाच्या रसाचा पीएच साधारण २ ते २.५ आणि जठरातल्या रसाचा १.५ ते ३.५. आंबटात आंबट ओतल्यावर अल्कली कुठून येणार? लिंबातलं सायट्रेट शरीरात वापरलं गेल्यावर लघवी थोडी अल्कलीकडं झुकते, तेवढ्यावरून हा पतंग उडवलेला आहे. रक्ताचा पीएच फुप्फुसं आणि मूत्रपिंडं ७.३५ ते ७.४५ मध्ये धरून ठेवतात, तुम्ही लिंबू प्या नाहीतर पेरू खा. सोसत असेल तर लिंबूपाणी खुशाल घ्या. अन्ननलिका आधीच सोलवटलेली असेल तर मात्र ते झोंबतं.

सोड्याचा गुण येतो, हे नाकारत नाही. आम्ल मरतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो, मोठी ढेकर येते आणि माणूस ‘हां’ म्हणतो. पण एका चमच्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. आबा, तुम्ही बीपीची गोळी माझ्याकडूनच नेता, म्हणून हे जरा मोठ्यानं सांगतो.

दुधाचा इलाज तर शंभर वर्षांपूर्वी खुद्द डॉक्टरच देत. शिकागोचे डॉ. सिप्पी यांनी १९१५ मध्ये अल्सरच्या रोग्यांना तासातासाला दूध आणि साय द्यायची पद्धत मांडली आणि ती कित्येक वर्षं चालली. पुढं कळलं की दूध घटकाभर निववतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. अर्धा कप प्यायलात तर बिघडत नाही. त्याला औषध म्हणू नका, एवढंच.

मिरचीवर मात्र थांबायला हवं, कारण ठेचा बंद करा म्हणणं म्हणजे आमच्याकडं अर्धं ताट काढून घेणं. जठरातले बहुतेक अल्सर दोन कारणांनी होतात. एक, हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू. तो ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी शोधला. कुणी मानेना म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये त्याचं संवर्धन स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हा जिवाणू ठेच्यानं येत नाही आणि ठेचा सोडून जात नाही. डॉक्टर तपासणी करून साधारण दोन आठवडे अँटिबायोटिकं देतात, तेव्हा जातो.

दुसरं कारण माझ्या काउंटरवरूनच जातं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत सकाळी सात वाजता बाया-माणसं येतात. ‘अंग मोडून आलंय, दोन गोळ्या द्या.’ चहाबरोबर उपाशीपोटी गोळी, दुपारी आणखी एक, असं पंधरा दिवस. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या वेदना थांबवतात, तसं जठराच्या आतल्या अस्तराचं रक्षण करणारं रसायनही कमी करतात. मग पोट जळतं आणि बोल मिरचीला लागतो. तंबाखू-चुन्याचा तर कुणी उल्लेखच करत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथली झडप निकोटिननं सैल पडते. ठेचा खाऊन तुम्हाला खरंच जळजळत असेल तर तो दोन आठवडे सोडून बघा. फरक पडला तर तुमच्यापुरतं ते पथ्य, सगळ्या गावाचं कशाला?

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी माझ्याकडं रांग लागते. सगळे आंबिलीला दोष देतात, आंबट असते म्हणून. पण शेतात काय झालेलं असतं? कोपीपुढं पूजा झाली की भज्जी, उंडे, खीर, वर तांब्यातांब्यानं आंबील, कुणी ‘पुरे’ म्हणू देत नाही. मग झाडाखाली घोंगडी टाकून तिथंच आडवं व्हायचं. जठर तट्ट फुगलं की तीच झडप वरचेवर उघडते आणि आडव्या माणसाच्या घशाशी आंबट यायला उताराचीही गरज राहत नाही. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ द्या, डाव्या कुशीवर झोपा, पोटाचा घेर कमी करा. रात्री घशाशी येत असेल तर पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा ठेवा. उशांची चळत लावून भागत नाही, त्यानं कमरेत वाकून उलट पोट दाबलं जातं. विटा माझ्याकडं मिळत नाहीत, म्हणजे हे सांगण्यात धंदा नाही, याची नोंद घ्यावी.

ओवा, बडीशेप फुगलेल्या पोटाला बरी वाटते, घ्या. पुदिन्यानं ती झडप आणखी सैल पडू शकते. ज्येष्ठमध महिनोन्‌महिने घेतलं तर बीपी वाढतो आणि पोटॅशियम उतरतं.

पित्ताच्या गोळ्यांबाबत मेसेजमध्ये अर्धं खरं आहे. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल वर्षानुवर्षं मनानं घेतल्या तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. मूत्रपिंडाला सूज आल्याचे प्रकारही क्वचित होतात. चिठ्ठीशिवाय दहा-दहाच्या पट्ट्या नेणारे माझ्याकडं आहेत आणि देणारा मी आहे. पण ‘आजच फेका’ हा सल्ला वाईट. बरेच दिवस घेऊन एकदम थांबवलं की आम्ल उसळून येतं. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ज्यांना चालू आहेत, त्यातल्या पुष्कळांना ही गोळी पोटातून रक्तस्राव होऊ नये म्हणून दिलेली असते. बंद करायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, घास अडकत असेल किंवा वजन आपोआप उतरत असेल, तर माझ्याकडं न येता थेट त्यांच्याकडं जा.

आता शेवटचा मुद्दा, गॅस आणि ओव्याचा. सहा वर्षांपूर्वी जानेवारीत एक गिऱ्हाईक आलं. पन्नाशीचा माणूस, साखरेचा जुना पेशंट. ‘छातीत जळजळ व्हायलीय, हात बी जड पडलाय. पित्ताचं काय तरी द्या.’ ‘हात जड’ मी ऐकलं, तरी अँटासिडची पुडी फाडून पाण्यात घालून दिली. पायरीवर बसून तो प्यायला आणि ‘बरं वाटतंय’ म्हणाला. मग बघतो तर ऐन थंडीत त्याच्या सदऱ्याची कॉलर घामानं चिंब. शेजारच्याची जीप काढली, ईसीजी निघाला, हार्ट अटॅक होता. वाचला. अँटासिडनं बरं वाटलं म्हणून हृदय ठीक आहे असं होत नाही, आणि साखर असलेल्यांचं दुखणं पुष्कळदा असंच मोघम असतं. छातीत दाब, हात किंवा जबडा दुखणं, घाम, दम लागणं, यातलं काहीही असेल तर ओवा शोधू नका, १०८ लावा.

आबांचा मेसेज मला ज्या चार ठिकाणांहून आला, त्यातला एक नंबर याच माणसाचा. मी फोन लावला.

‘काय हो, ओवा चावा म्हणून मलाच पाठवताव?’

‘मी कुठं वाचलाव तो,’ तो म्हणाला. ‘नुसता पुढं ढकलला.’