काढा बाधतो, हे मान्य करायला काय हरकत आहे?

हाँगकाँगमधल्या पहिल्याच उन्हाळ्यात मला तोंड आलं. शेजारच्या आजींनी जीभ बघितली आणि म्हणाल्या, ‘यीत हेई.’ म्हणजे अंगात उष्णता झाली. त्यांनी मला कोपऱ्यावरच्या ल्युंग चाच्या दुकानात धाडलं. नावात चहा असला तरी हा काढाच. मोठ्या पितळी भांड्यांतून वाडग्यांत ओतलेला, वर काचेची झाकणं. चोवीस चवींचा म्हणतात तो काळाभोर काढा मी मागितला. वाडगा हातात देण्याआधी दुकानातल्या बाईंनी विचारलं, ‘पाळी चालू आहे? पोट सैल आहे? हातपाय गार पडतात?’

पाळी चालू होती. त्यांनी वाडगा परत ठेवला.

चिनी वैद्यकात हे काढे ‘थंड’ गुणाचे. उष्णता वाढलेल्याला उतारा, पण पचन मुळातच मंद आणि थंड असलेल्याने घेतले तर भूक मरते, जुलाब होतात, अंगातलं बळ जातं. गरोदर बाई, लहान मूल, अशक्त म्हातारं माणूस यांना जपून. दुष्परिणाम कबूल केल्याने इथे कुणाला परंपरेचा अपमान वाटत नाही.

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ हे ठरलेलं वाक्य. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: ती वनस्पती गुळवेलच होती का, हे तपासलं नाही. आक्षेप रास्त आहे. पण मग कुंपणावरचा वेल तोडून उकळणाऱ्या माझ्या मामाला तरी ते कसं कळणार? आणि प्रकृती, मात्रा, पथ्य हे शब्द तर आयुर्वेदाचेच. ‘बाधलं’ हा शब्द आपल्या आज्या रोज वापरायच्या. तो आपण कधी टाकून दिला?

सगळ्याला थोतांड म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. पण नुसत्या ‘थंड-गरम’वर भागत नाही, हेही इथेच शिकले. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता दक्षिण चीनमध्ये बरीच आढळते. अशा बाळाच्या तांबड्या पेशी काही औषधांनी फुटू शकतात. म्हणून हाँगकाँगमध्ये 1984 पासून नवजात बाळांची तपासणी होते आणि कमतरता निघाली तर आईबापांना सांगतात, हनीसकल नावाच्या वेलीची फुलं आणि हुआंगल्येन नावाचं मूळ याला देऊ नका. ही फुलं ल्युंग चात नेहमीची. जुनं वैद्यक आणि प्रयोगशाळा, दोघांचा इशारा एकाच घरात पाळला जातो.

परवा आईला फोनवर विचारलं, मधुमेहाच्या गोळीबरोबर गुळवेलीचा काढा घेतेस हे डॉक्टरांना सांगितलंस का? ‘त्यात काय सांगायचं? काढाच तर आहे.’ गुळवेलीनेही साखर उतरू शकते. पुढच्या तपासणीला काढ्याची बाटली पिशवीत घालून नेईन, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय.