अळणी पासवर्ड

नोकरदार मंडळींचं ऑनलाइन नेटवर्क चालवताय आणि रात्रीतून कुणी सभासदांची यादीच उचलून नेली? आधी चहा घ्या. सभासदांना कळवायची घाई नको, बातमी त्यांना पेपरातून कळेलच. सरकारचं मात्र जरा सांभाळा. 2022 पासून आपल्याकडे अशी घटना सर्ट-इनला, म्हणजे सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या सरकारी संस्थेला, 6 तासांत कळवावी लागते. पण हे 6 तास आपल्याला कळल्यापासूनचे. तेव्हा शक्यतो कळून घेऊच नका.

नेमकं किती गेलं, हेही मोजत बसू नका. चोर दाखवील तेवढंच गेलं, असं धरून चालायचं. 2012 च्या जूनमध्ये रशियन हॅकरांच्या अड्ड्यावर लिंक्डइन या नोकरदारांच्याच नेटवर्कचे सुमारे 65 लाख पासवर्ड झळकले. कंपनीने धोक्यातली वाटली तेवढ्याच खात्यांचे पासवर्ड रद्द करून ते बदलायला लावले, बाकीच्यांना बदललेला बरा, असा सल्ला दिला. 2016 च्या मे महिन्यात त्याच चोरीतला उरलेला माल बाजारात आला: 11.7 कोटी ई-मेल आणि त्यांचे पासवर्ड. भाव 5 बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे 2,200 डॉलर. रुपयाला साधारण आठशे माणसं पडली हो. एवढी स्वस्त तर कोथिंबीरही मिळत नाही. त्यावर कंपनीचं म्हणणं, ही चोरी नवी नाही, जुनीच आहे. हे वाक्य पाठ करून ठेवा.

पासवर्ड साठवताना मीठ घालू नका. थट्टा नाही, या धंद्यात त्याला खरंच मीठ म्हणतात. पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता त्याचं ओळखू न येणारं कूट करून ठेवतात; ते करण्याआधी त्यात प्रत्येकासाठी वेगळी अशी काही अक्षरं मिसळतात, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी कूट निराळं निघतं. लिंक्डइनचं सगळं अळणी होतं. एकाचा ‘123456’ फुटला की तोच पासवर्ड ठेवणाऱ्या सगळ्यांचा फुटला. आणि मीठच नसल्यावर खाल्ल्या मिठाला जागायचा प्रश्न येतो कुठे?

आता पत्र. सुरुवात ‘तुमच्या माहितीची सुरक्षितता आमच्यासाठी सर्वोच्च प्राधान्याची आहे’ अशीच हवी. हे वाक्य माहिती गेल्यावरच पाठवायचं असतं, आधी पाठवलं तर लोकांना संशय येतो. ‘चोरी’ हा शब्द कटाक्षाने टाळा. 2021 मध्ये 70 कोटी सभासदांची माहिती विकायला निघाली, तेव्हा लिंक्डइनने सांगितलं की ही घुसखोरी नव्हे, खासगी काही गेलेलं नाही, उघड्यावर दिसत होतं तेच कुणीतरी गोळा केलंय. अंगणातल्या दोरीवरचे कपडे कुणी काढून नेले, तर घर फोडलं असं थोडंच म्हणतात?

आणि सभासदांना घाबरू नका, ते आपल्याच बाजूचे असतात. लिंक्डइनच्या 2012 च्या चोरीतल्या यादीत सर्वांत लाडका पासवर्ड ‘123456’ होता, त्याच्या खालोखाल ‘linkedin’. पुढे फेसबुकवाल्या मार्क झुकरबर्गचं ट्विटर खातं फोडणाऱ्यांनीही किल्ली याच यादीत मिळाल्याचा दावा केला. एवढा मोठा माणूस एकच किल्ली सगळीकडे वापरतो, तर आपली काय कथा!

मलाही मागे एका ठिकाणाहून असं पत्र आलं होतं. मी ताबडतोब पासवर्डच्या शेवटच्या 1 चा 2 केला. पुढच्या पत्राला 3. सध्या 7 चालू आहे. हे आपलं तुमच्याजवळच ठेवा.