खुलासा : गुरुत्वाकर्षण वाढलं की ताप चढत नाही

‘गुरुत्वाकर्षण दुप्पट केलं की प्राण्यांना ताप भरतो,’ हा मेसेज सध्या फिरतोय. परवा मीही तो पुढे पाठवला होता. ती चूक होती.

उंदरांचे पिंजरे मोठ्या फिरत्या यंत्रावर ठेवून दुप्पट गुरुत्वाचे प्रयोग झाले आहेत. त्यात अंग तापत नाही, उलट सुरुवातीला गारठतं. पुढच्या काही दिवसांत तापमान हळूहळू सावरतं. कारण कानात आहे! आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक स्फटिक गुरुत्वाची जाणीव देतात. २००२ मध्ये चार्ल्स फुलर आणि सहकाऱ्यांनी हे स्फटिक जन्मतःच नसलेले उंदीर फिरवले, तेव्हा इतर उंदरांसारखी तापमानातली घसरण त्यांच्यात दिसली नाही.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.